डावीकडची पंगत मला दिसलीच नाही

पालमला माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नकार्याला पातेली, पराती, बादल्या भाड्याने देतो. भांडी दिली की माणसाने घरी बसावं, पण मला भांड्यांच्या मागोमाग मांडवात शिरायची खोड. डाव्या हातात बुंदीची बादली, उजव्या हातात वाटी आणि तोंड अखंड चालू. ‘नागूअण्णा वाढायला असला की पंगत हसत उठते,’ असं लोक म्हणायचे आणि मी ते खरं मानायचो.

हे लिहितोय ते माझ्या डोळ्यांबद्दल. पण माझे डोळे चाललेत हे मला सगळ्यात आधी एका पंगतीने सांगितलं, आणि मला ते कळायला पुढे आठ महिने लागले. म्हणून सुरुवात पंगतीपासूनच करतो.

तीन फेऱ्या

माझा धाकटा भाऊ महालिंग. घरात मालू. पिंगळीला त्याचं किराणा दुकान आहे. आम्हा नवराबायकोला मूलबाळ नाही. मालूची पूजा आमच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिचं लग्न ठरलं ते चारठाण्याच्या घरात. बाकी जेवण बुफे होतं, पण व्याह्यांकडच्या मानाच्या माणसांना खाली बसवून वाढायचं, हा मालूचा हट्ट. दोन रांगा समोरासमोर. वाढप्याने एका टोकाने शिरायचं, उजवीकडे वाढायचं, डावीकडे वाढायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. डाव्या रांगेत पहिल्याच पाटावर व्याही.

पहिल्या फेरीला मी सगळ्यांना बुंदी वाढली, व्याह्यांना सोडून. दुसऱ्या फेरीला तूप वाढलं, व्याह्यांना सोडून. तिसऱ्या फेरीला आग्रहाची बुंदी घेऊन मधोमध उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “कुनाला काही राहिलं का? आत्ताच बोला, मागून माझ्या नावानं बोंब नको!”

व्याही बोलणारे नव्हतेच. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला, उठले आणि हात धुवायला गेले. त्यांच्यामागे अख्खी डावी रांग उठली.

मालू धावत आला. “अण्णा, व्याह्यांच्या पत्रावळीवर बुंदीचा दाना न्हाई. कामून केलं असं?”

‘मला दिसले नाहीत रे,’ एवढं म्हणालो असतो तर संपलं असतं. मी काय म्हणालो? “अरे, पाव्हना थोडा उपाशी ठेवला की सोयरीक टिकती.”

कुणी हसलं नाही. मी थट्टेखोर हे तालुक्याला ठाऊक. एका नवरदेवाच्या चहात मीठ घातल्याचं लोक अजून सांगतात. त्यामुळे हेही मुद्दामच केलं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मालूने त्या दिवसापासून बोलणं सोडलं.

आज तुम्ही विचाराल, दिसलं नाही हे तेव्हाच का नाही सांगितलं? कारण मला सगळं दिसत होतं! तो पाट मला रिकामा दिसला होता. अंधार नाही, धूसर नाही. स्वच्छ, रिकामा पाट. माझ्या डोळ्यांनी माणूस पुसून टाकला आणि त्या जागी जमीन सारवून ठेवली. 

माजलेला माणूस

पुढचे काही महिने मी पालममध्ये बदनाम झालो. बाजारात डाव्या बाजूने कुणी ‘शरणार्थ’ म्हणत हात जोडले, तर मी सरळ पुढे. कोण बोललं ते बघायला मान वळवेपर्यंत माणूस तोंड फिरवून गेलेला. ‘नागूअण्णाला माज आलाय, सख्ख्या भावालाबी सोडलं न्हाई,’ अशी चर्चा व्हायला लागली. मोटारसायकलचा डावा आरसा दोनदा फुटला. मी म्हणालो, रस्ता अरुंद. दुकानाच्या चौकटीला डावा खांदा रोज आपटायचा. मी सुताराला बोलावून चौकट तासून घेतली. हो, तासून घेतली! सुताराने विचारलंसुद्धा, “अण्णा, इतकी वर्षं बसत व्हता की यातून?” मी म्हणालो, “लाकूड फुगलंय.”

डोळ्यांवर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. दुखत नव्हते, लाल नव्हते, पाणी येत नव्हतं. दुकानातून समोरच्या फलकावरचं बारीक अक्षर वाचायचो. आठवडी बाजारातल्या गाड्यावरून जवळचा चष्मा घेतला होता. तिथली तपासणी म्हणजे सुईत दोरा ओवून दाखवायचा. मी पहिल्या झटक्यात ओवला.

मग एके सकाळी तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो घट्ट मिटला आणि डाव्या डोळ्याने टॉवेल शोधायला लागलो.

अंगण नव्हतं.

न्हाणीच्या दारात बायको टॉवेल घेऊन उभी होती. तिच्या साडीची एक उभी पट्टी आणि टॉवेलचं टोक, एवढंच दिसत होतं. दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून दिसावं तेवढं. बाकी आजूबाजूला काहीच नाही. साबण धुतला, उजवा उघडला, बायको अख्खी परत आली. उजवा हाताने झाकला, पुन्हा गेली. उघडला, आली. असं मी पाच-सहा वेळा केलं.

“अहो, येड लागलं का? डोळे काय मारायलाव सकाळी सकाळी?” गिरजा म्हणाली.

मी टॉवेल न घेताच म्हणालो, “परभनीला जायचं, आत्ताच.”

दिवे न लागणारं यंत्र

त्याच दिवशी एसटीने परभणी गाठली. गिरजा खिडकीशी, मी तिच्या शेजारी. वाटेत ती एकच वाक्य बोलली, “आधी का न्हाई झाकून बघितला?”  आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात आधी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. उजव्याने मी खडखडा वाचला, आणि आश्चर्य म्हणजे डाव्यानेही बऱ्यापैकी वाचला. मधली फट शाबूत होती ना! मला धीर आला. मग हनुवटी टेकवून डोळ्याचा दाब मोजला. मग एका मोठ्या अर्धगोल यंत्रात डोकं घालायला लावलं. आत बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं.

मी वाट बघतोय, दिवेच लागेनात. मी तिथल्या ताईंना म्हणालो, “ताई, लाइट गेली जनू.”

“मशीन चालू आहे काका. तुम्ही फक्त मधे बघा.”

आता माझा स्वभाव बघा. आपण नापास होतोय हे लक्षात आल्यावर शहाण्या माणसाने गप बसावं. मी अंदाजाने बटण दाबायला सुरुवात केली. एक, थांबा, दोन, थांबा. ताल धरून, भजनात टाळ वाजवल्यासारखं. पाच मिनिटांनी ताईंनी खोलीतला दिवा लावला आणि कागद बघून कपाळाला हात लावला.

“काका, दिवा लागलेला नसताना पण तुम्ही दाबलंय. मशीनला कळतं ते. कुणाला फसवताय?”

सगळं पुन्हा केलं. या वेळी इमानदारीने. डाव्या डोळ्याच्या कागदावर मधे मुठीएवढा पांढरा डाग होता, बाकी सगळं काळं. उजव्याच्या कागदावरही एका कोपऱ्यातून काळं आत शिरायला लागलं होतं.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “काचबिंदू आहे. आतला दाब वाढून डोळ्याची नस मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही.”

“ऑपरेशन करून टाका,” मी म्हणालो. “मोतीबिंदूचं करत्यात तसं.”

“मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते. ही येत नाही. डावा गेला तेवढा गेला. आपल्याला आता उजवा वाचवायचाय.”

मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा काही सुचलं नाही.

“घरात आणखी कुणाला होतं का? वडिलांना?”

आमचे बाबा शेवटची सहा वर्षं भिंतीला हात लावून चालायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. ताटातली भाकरी सापडायची नाही तेव्हा मी त्यांना हसायचो. “बाबा, भाकरी पळाली व्हय?” तेही हसायचे. मॅडमना मी एवढंच म्हणालो, “वडलांना शेवटी दिसत नव्हतं.” गिरजाने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

एक कबुली

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. चार वर्षांमागे पालमला मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं होतं. पातेली माझी, चहा माझा, स्वयंसेवकाचा बिल्लाही माझ्या छातीवर. दिवसभर तक्त्याशेजारी उभा राहून मला सगळ्या ओळी पाठ झाल्या. म्हातारी माणसं अडायला लागली की मी मागून हळूच सांगायचो. ती पास व्हायची, आम्ही हसायचो. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, “तुम्हीही तपासून घ्या, आतून नस बघू.” मी तक्त्याकडे पाठ करून सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या आणि म्हणालो, “बघा, मला तर मागनंबी दिसतंय!”

तेव्हा तपासलं असतं तर डावा वाचला असता का, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “बराचसा.” त्या खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

आणि मी ज्यांना पास केलं, त्यांच्यातल्या किती जणांच्या डोळ्यांत काय होतं? त्यांतल्या सापडतील त्या प्रत्येकाच्या घरी मी आता जाऊन आलोय. दोघे मी पोचायच्या आधीच देवाघरी गेले होते. एक आजी म्हणाल्या, “तूच तर म्हनलास, माजे डोळे चांगले हायत.”

तक्ता वाचता आला म्हणजे डोळे चांगले, असं नाही. मॅडमनी समजावलं ते असं : पोरगं शाळेत घालायच्या आधी एकदा तपासायचं, कारण एका डोळ्याने कमी दिसतं हे त्या लेकराला सांगता येत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. चाळिशीनंतर काही होत नसलं तरी तपासायचं. साखर असेल तर दरवर्षी. आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे, त्यांनी वयाची वाटच बघायची नाही.

“तुम्हाला भाऊ आहे का?” त्यांनी विचारलं.

पिंगळी

परभणीहून पिंगळी पहिलंच स्टेशन. गिरजाला स्टँडवर बसवून मी पॅसेंजरने गेलो. मालू दुकानात पुड्या बांधत होता. मला बघून त्याने मान खाली घातली.

“शरणार्थ, मालू.”

“गिऱ्हाईक हाय का?”

“भाऊ हाय.”

“तो माल संपला.”

मी सगळं सांगितलं. बाबांचंसुद्धा. कागद काऊंटरवर पसरला. त्याने बघितलासुद्धा नाही.

“अण्णा, माफी मागायची तर सरळ मागा की. त्यात डोळे कशाला मधी घालायलाव? असला काळा-पांढरा कागद आमचा झेरॉक्सवालाबी काढून देतो.”

“मालू, मी खरं बोलायलोय.”

“तुमी खरं बोलायलाव, हे मी वळखायचं कसं? तुमीच सांगा.”

 जन्मभर थट्टा केल्यावर माणसाचं खरं बोलणंही थट्टेतच जमा होतं. मी परतीच्या गाडीत बसलो आणि उजव्या डोळ्याने खिडकीबाहेर बघत राहिलो. मिळेल तेवढं बघून घेत होतो.

उजवी भुवई

तीन महिने थेंब घातले. गिरजा सकाळ-संध्याकाळ बाटली घेऊन उभी. एकदा मी थेंब चुकवला तेव्हा ती म्हणाली, “उद्या तुमचा हात धरून फिरवीन मी, त्याचं कायी न्हाई. पन तुमची बडबड ऐकत फिरवावं लागंल, त्याचं भ्या वाटतंय.” आणि मग पदराने डोळे पुसले, स्वतःचे.

थेंबांनी उजव्याचा दाब पुरेसा उतरला नाही. ऑपरेशन ठरलं. चांगल्या डोळ्याचं. काही चुकलं तर माझ्याकडे ती फट उरणार होती, बस्स. सही करायची जागा मी दोनदा विचारली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “थांबा, पाणी प्या.”

वॉर्डात सहा खाटा. तिथे कुणाला नाव नसतं. “उजवा कोण? उजवा, चला. डावा, बसून राहा.” मी कपाळावर रोज विभूतीचे पट्टे ओढणारा माणूस, त्या सकाळी सिस्टरने उजव्या भुवईवर निळ्या पेनने फुली मारली, चुकीचा डोळा उघडू नये म्हणून. शेजारच्या खाटेवरचे मानवतचे एक गुरुजी त्यांची फुली दाखवून म्हणाले, “घाबरू नका, मी पण पेपर देऊन आलोय.” त्या एका वाक्यावर मी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत चालत गेलो.

बाहेर आलो तो उजव्यावर पट्टी. ती दुसऱ्या सकाळी निघणार. तोवर डावा. म्हणजे फट.

त्या दुपारी गिरजा औषध आणायला खाली गेली. मी चहाचा कप शोधत स्टुलावर हात फिरवला आणि सगळा चहा चादरीवर सांडला. भीती वाटली की मी बोलत सुटतो. गिरजा परत आली असेल असं धरून तसाच बोलत सुटलो, “गिरजे, चहा सांडला म्हनून सांगू नको कुनाला. मालूला तर बिलकूल सांगू नको. त्याला वाटंल, हेबी मुद्दाम केलं. आन् पट्टी काढल्यावर कायीच दिसलं न्हाई, तर मला पिंगळीला ने एकदा. त्याला म्हनावं, बघ आता तरी.”

डावीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून आवाज आला.

“अण्णा, मी हितंच उभा हाय. कवापासून.”

मी मान वळवत वळवत नेली तेव्हा त्या फटीत आधी एक शर्टाचं बटण आलं, मग गळा, मग मालूचं तोंड. ते रडत होतं. गिरजाने फोन केला म्हणून तो आला होता. खाटेशी येऊन मला हात करून झाला होता. मी त्याच्या अंगावरून स्टुलाकडे हात नेला होता.

“तुमाला मी खरंच दिसलो न्हाई?” तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. “इतक्या जवळ? दिसलोच न्हाई?”

चारठाण्याला फोन

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सगळं धुरकट, पण अख्खं होतं. खिडकी होती, खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंती होत्या. मला रडू आलं, मग सिस्टर ओरडल्या, कारण रडायचं नसतं.

त्याच सकाळी मालू तपासणीला बसला. बाहेर आला तेव्हा बाहुल्या मोठ्या करायच्या थेंबांनी त्याला उजेड सोसत नव्हता. मॅडम म्हणाल्या, दाब वाढलेला आहे, नसेवर खुणा आहेत. पण नजर अजून पूर्ण आहे. थेंब आजपासून. वेळेवर आलात.

मालू बाकावर बसला.  “वैनी,” तो गिरजाला म्हणाला, “बाबा, अण्णा, मी... मंग पूजा?”

“तिलाबी दाखवायचं.”

“तिच्या सासरी काय सांगू? आदीच पंगतीची आग इझली न्हाई. म्हनतील, आंधळ्याच्या घरची पोरगी गळ्यात बांधली. गपचिप माहेरी बोलावून तपासू. कुनाला सांगायचंच न्हाई.”

“आन् थेंब लागले तर? ते लपवून घालंल का ती जन्मभर?” गिरजा म्हणाली.

 मी म्हणालो, “नंबर लावा. मी बोलतो.”

“तुमी? अण्णा, पाया पडतो, तुमी नको!”

गिरजाने नंबर लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. पूजाचे डोळे आज ठीक आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही श्वास रोखायला नको. तिला फक्त दरवर्षी यायला सांगितलंय. पण त्या दिवशी त्या बाकावर आम्हा तिघांना हे ठाऊक नव्हतं.

“शरणार्थ, पाव्हणे. मी पालमचा नागनाथ.”

पलीकडे खाकरण्याचा आवाज. 

मी सांगितलं. गमतीचा एक शब्दही न घालता. माझा डावा डोळा गेलाय. त्या दिवशी तुमचा पाट मला रिकामा दिसला. आमच्या बाबांना हेच होतं, मालूला आज निघालं. आमच्या रक्तात आहे, पोरीचे डोळे तपासायला हवेत. तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून फोन केलाय.



“म्हंजे,” व्याही हळूच म्हणाले, “मी तिथं बसलेलो, आन् तुमाला दिसलोच न्हाई?”

“न्हाई.”

“आन् तुमाला समजलंबी न्हाई, की दिसंना म्हनून?”

“न्हाई, पाव्हणे.”

 मालूने माझा गुडघा घट्ट धरला होता.

“उद्या पैल्या गाडीनं सूनबाईला घिऊन येतो,” ते म्हणाले. “मी सोता येतो. पोरीला घाबरवू नका, मी समजावून सांगतो.”

मालूच्या हाताची पकड सुटली. मी फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, “आन् अण्णा, हे कुनालाबी ऱ्हातंय का? म्हंजे, आमच्यासारख्याला?”

“तुमचं वय काय?”

“बासष्ट.”

“डोळे कवा तपासले?”

“कशाला तपासू?” व्याही म्हणाले. “मला सगळं दिसतंय की.”



“मंग तर उद्या तपासायला आदी तुमी बसा,” मी म्हणालो.